भाव पटल्यावर

"बाई, तुम्ही बसा इथं पंख्याखाली. साहेबांना एक चक्कर मारून आणतो," असं म्हणत आहेरशेठनं टेबलावरची किल्ली उचलली आणि सावळीरामच्या हातावर ठेवली. एवढंच झालं. ज्या फियाटसाठी मालन पगारे गेले तीन शनिवार या माणसाशी हुज्जत घालत आली होती, जिच्या दाराला लागलेला गंज तिनं स्वतः वाकून दाखवला होता, जिचा भाव तिनं आजच, पाच मिनिटांपूर्वी, आपल्याला हवा तिथं आणून ठेवला होता, त्या गाडीची किल्ली तिच्या डोळ्यांदेखत नवऱ्याकडे गेली. सावळीरामला गाडी चालवता येत नव्हती. पहिल्याच दिवशी त्यानं ते सांगून टाकलं होतं, "चालवणार ही. मला हॉर्नशिवाय काही कळत नाही." त्यावर शेठ मनापासून हसला होता, एखाद्यानं चांगला विनोद केल्यासारखा. आता सावळीराम हातातल्या किल्लीकडे बघत उभा राहिला, मग मालनकडे, आणि तो काही बोलायच्या आत शेठनं त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर नेलं. शेठचा ड्रायव्हर किल्ली घेऊन पुढे बसला, सावळीराम त्याच्या शेजारी, शेठ मागे. नाशिकच्या शालिमार चौकाच्या गर्दीत ती मळकट पांढरी गाडी शिरली आणि दिसेनाशी झाली.

ऑफिसात मालन एकटी राहिली. टेबलावर थंड बाटली, तिच्यात स्ट्रॉ. पंखा दर फेऱ्याला थोडा कुरकुरत होता. तिला राग आला होता का? तिनं स्वतःलाच चाचपून बघितलं. राग नव्हता, जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं काहीतरी झालं होतं. मजा तर तिला पहिल्यापासून येत होती. भाव करणं तिला आवडायचं. जिल्हा परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निफाड-चांदवडच्या शाळा तपासत हिंडताना ती गावोगावच्या बाजारात गाजरांचा, घोंगड्यांचा, एकदा तर नको असलेल्या शेळीचाही भाव करून आली होती. समोरचा माणूस आकडा बोलतो तेव्हा त्याचे डोळे कुठे जातात, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट कधी काढतो, हे बघायला तिला गंमत वाटे. आहेरशेठचं दुसरं गिऱ्हाईक सिन्नरचं होतं आणि ते तिन्ही शनिवारी चार वाजता येणार होतं. आणि बाजाराचा हा सोस नेमका तिला लागावा, याचं तिलाच नवल वाटायचं, कारण तिच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कधी भाव केला नाही. कोंडाजी मनमाडला रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामावर होते. पगार झाला की तिला बोटाला धरून कापडाच्या दुकानासमोर न्यायचे आणि ओट्याखाली उभे राहायचे. दुकानदार वरून कापड टाकायचा, आकडा सांगायचा, वडील तेवढे पैसे ओट्यावर ठेवायचे. ती सहा-सात वर्षांची असेल. "आबा, शेजारची मावशी तर भांडून कमी करते, तुम्ही का नाही केलं?" कोंडाजी काही पावलं चालले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "भाव करायला आधी दुकानात शिरावं लागतं, बाळा." तेव्हा तिला ते कळलं नव्हतं. कळलं तेव्हा ती बी. एड. करत होती आणि एका दुकानात उगाचच, काही घ्यायचं नसताना, तासभर साड्या उलगडायला लावून बाहेर पडली होती. आता तर ती दुकानात होती. खुर्ची होती, पंखा होता, बाटली होती, भाव तिनं स्वतः केला होता आणि तो पटलाही होता. तरी गाडी बाहेर कुठंतरी पळत होती आणि ती आत बसली होती.

गाडी परतली. सावळीराम खाली उतरला तो खूश दिसत होता. त्याला गाडीत बसायला मिळालं की तो खूश असायचाच, एसटीतसुद्धा. "छान पळते," तो म्हणाला.

"मग आता मी चालवून बघते," मालन उठली.

"बाई, केवढी गर्दी आहे बाहेर," शेठ म्हणाला. "एकदा तुमची झाली की ठोका कुठंही, आमचं काही म्हणणं नाही." आणि तो पुन्हा तसाच मोकळा हसला. त्या हसण्यात वाईट असं काहीच नव्हतं, हीच त्यातली अडचण होती.

"माझ्याकडे लायसन आहे."

"असेल ना, असेल. बरं, साहेब, तुमची हरकत नसेल तर देतो त्यांच्याकडे. कोपऱ्यापर्यंत."

सावळीराम गोंधळून म्हणाला, "माझी कसली हरकत? गाडी तिची आहे." पण तो प्रश्न त्याला विचारून झाला होता. शेठनं किल्ली पुढे केली, आता खरोखर तिच्यापुढे, आणि मालनला आश्चर्य वाटलं ते स्वतःचंच. तिचा हात वर झालाच नाही. तिनं बाटली अर्धी पिऊन टेबलावर सरकवली, पर्स काखेत घेतली आणि म्हणाली, "नको."

"काय नको?"

"गाडी."

शेठनं आधी सावळीरामकडे बघितलं, मग आपल्या ड्रायव्हरकडे, आणि मग पहिल्यांदाच नीट तिच्याकडे. "अहो, भाव पटला ना आपला? बरं, आणखी दोनशे सोडतो." ती पायऱ्या उतरली. "बाई! पाचशे. च्यायला, शेवटचं!" रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं थांबून बघायला लागले. तिला मागे वळून बघावंसं वाटत नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे हसू येत होतं, खालून वर, उकळी फुटल्यासारखं. जो भाव खाली आणायला तिनं तीन शनिवार घालवले होते तो आपोआप आणखी उतरून तिच्या मागे धावत येत होता, आणि तिला तो नको होता. आयुष्यभर हव्या असलेल्या वस्तू तिनं मिळवल्या होत्या, चिकाटीनं, परीक्षा देऊन, अर्ज करून. पण हवी असलेली वस्तू मिळत असताना नको म्हणणं हे तिनं कधी केलं नव्हतं. कसं हलकं वाटतं! हात मोकळे, पाय मोकळे. रविवार कारंजा चौकापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली आणि तिथं फुटाणेवाल्यापाशी थांबून पोट धरून हसली.

"मालन," मागून आलेला सावळीराम धापा टाकत म्हणाला, "काय झालं मला सांगशील का? मी काही चुकलो का?"

"तुम्ही नाही हो."

"मग भाव तर तुझ्या मनासारखा झाला होता."

"झाला होता," ती म्हणाली. तिनं त्याला फुटाण्यांची पुडी दिली. सावळीराम सरकारी नोटांच्या प्रेसमध्ये हेड क्लार्क होता, नाशिकरोडला त्यांच्या कॉलनीत शांत म्हणून प्रसिद्ध होता, आणि त्याच्यात एक मोठा गुण होता की न समजलेल्या गोष्टीसुद्धा तो बरोबर घेऊन चालू शकत असे. फुटाणे खात तो तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आला. एकदाच म्हणाला, "पाचशे कमी केले होते त्यानं." आणि मग म्हणाला, "पण तुला हसताना बघून बरं वाटलं."

गाडीची गोष्ट अशी होती की मालनला ती मिरवायला नको होती. शाळा तपासायला खेड्यात जायचं तर दिवसातून दोन एसट्या, नाहीतर ऑफिसची जीप. जीपमध्ये साहेब लोक निघतील तेव्हा निघायचं, थांबतील तिथं थांबायचं, त्यांच्या पानाच्या पिचकाऱ्या होईपर्यंत खिडकीतून बाहेर बघायचं. शाळेतली पोरं कविता म्हणायला उभी राहायची आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजायचा: चला मॅडम. कितीतरी कविता तिनं अशा अर्ध्यावर ऐकून सोडल्या होत्या. मुलगी नोकरीला लागली, घराचे हप्ते फिटले, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. सेहेचाळीसाव्या वर्षी. स्कूलचे मास्तर सगळा वेळ "अरे अरे अरे" असं म्हणत आणि शेजारच्या सीटखाली बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून असत. कधी गाडी तिनं थांबवली आणि कधी मास्तरांनी, हे तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. लायसन मिळालं, पण ती शंका राहिलीच.

पुढच्या शनिवारी ते दोघं भुसावळ पॅसेंजरनं मनमाडला गेले. तिथं रेल्वे कारखान्यात असलेल्या तिच्या मावसभावानं फकिरा मिस्त्रीचं नाव सांगितलं होतं. फकिरा जुन्या गाड्या घ्यायचा, ठाकठीक करायचा आणि विकायचा. मनमाड तिचं माहेर. पण आईवडील गेल्यापासून ती स्टेशनाबाहेर फारशी पडली नव्हती. डिसेंबरचं ऊन होतं, हवा कोरडी आणि टवटवीत, आणि दूर हडबीच्या शेंडीचा सुळका आकाशात बोट उभं केल्यासारखा. बायका अजून पाण्यासाठी हंडे घेऊन तशाच चालल्या होत्या. फकिराचं आवार चांदवड रस्त्याला, पत्र्याच्या शेडपुढे. मध्ये पाण्याचं पिंप, टंचाईच्या गावात त्याला मात्र कुलूप. कडेला निळसर फियाट. मालनला ती बघताक्षणी आवडली, आणि भाव करताना आवडलेलं दाखवायचं नसतं म्हणून ती मुद्दाम पिंपाकडे बघत राहिली.

फकिरा पन्नाशीचा, उंच, बनियनवर स्वेटर घातलेला. त्यानं दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "चालवणार कोन?"

"मी," मालन म्हणाली.

"मंग ही घ्या," त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्याकडे टाकली. टाकलीच. तिनं ती दोन्ही हातांनी झेलली. "जरा हिंडवून या. पेट्रोल हाय. चोक थोडा वढा, थंडी हाय ना. साहेब, आपन च्या घेऊ."

"तुम्ही येत नाही बरोबर?"

"मी कशाला? मला म्हाईत हाय ती कशी चालते. तुमाला बघायचंय."

ती गाडीत बसली. सीटला उन्हाचा आणि जुन्या रेक्झिनचा वास होता. चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. स्टेअरिंगखालचा गिअर तिच्या ओळखीचा, पण जरा ताठ. आवाराच्या फाटकातून बाहेर पडताना तिला आरशात सावळीराम दिसला, हातात कप, तोंड थोडं उघडं. आणि मग रस्ता. काही वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलो आहोत. तिनं तो सोडला. शेजारची सीट रिकामी होती. तिथं मास्तर नव्हते, "अरे अरे" नव्हतं, ब्रेकवर दुसऱ्या कुणाचाही पाय नव्हता. हे कळताच आधी पाठीतून भीतीची एक सरळ रेघ गेली आणि तिच्या मागोमाग, तिला ढकलतच, आनंद आला. गाडी थांबली तर ती मी थांबवलेली असेल! बाभळी जात होत्या, एक बैलगाडी गेली, कांद्याचे हिरवे वाफे उन्हात ओले दिसत होते. ती मोठ्यानं बोलायला लागली. "आता तिसरा. हां. आता कडेला घे. ट्रक आहे, घाबरू नको, त्यालाही जायचंय." आपला आवाज गाडीत असा बंद, उबदार वाजतो हे तिला माहीत नव्हतं. तिला लहानपणी झोळीत झोपल्याचं आठवलं, खरं तर आठवणं शक्यच नव्हतं. मग कॉलेजात पहिल्यांदा स्टेजवर बोलायला उभं राहून समोरची चारशे डोकी पाहिल्याचं. मग मुलगी पोटात पहिल्यांदा हलली ती दुपार, तेव्हा ती वर्गात भागाकार शिकवत होती आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिली होती आणि पोरांना वाटलं बाई उत्तर विसरल्या. या सगळ्यांत असलेली मालन एकच, आणि ती आता या निळ्या गाडीत चांदवडच्या दिशेनं चालली होती, आणि कुठे वळायचं हे तिनं अजून ठरवलं नव्हतं.

वळली ती बरीच पुढे जाऊन. परत येताना रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मालगाडी गेली, डबे संपता संपेनात. फाटक वर झालं आणि नेमकी तेव्हा गाडी बंद पडली. मागे ट्रक. त्यानं हॉर्न दाबला तो सोडेचना. सायकलवाले वाकून बघायला लागले. "अगं, बाई गाडी चालवतीय," कुणीतरी म्हणालं. मालनच्या पायाखालची तीन पेडलं एकाएकी तीस झाली. मग तिला वाटलं, वर्गात पोरगं घाबरून गप्प होतं तेव्हा आपण काय करतो? आपण थांबतो. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. ट्रक ओरडत राहिला. तिनं गिअर काढला, किल्ली फिरवली, चोक जरासा, क्लच सावकाश, अगदी सावकाश, आणि गाडी रुळांवरून गडगडत पलीकडे गेली. पलीकडे जाऊन तिनं खिडकीतून हात बाहेर काढून ट्रकवाल्याला पुढे जायची खूण केली. तो शेजारून जाताना दात काढून हसला आणि त्यानं सलाम ठोकला.

"मी म्हनलं बाईंना गाडी आवडली नाय, दिली सोडून कुठंतरी," ती आवारात शिरली तेव्हा फकिरा म्हणाला. सावळीराम फाटकाशीच उभा होता. त्याचे चार चहा झाले होते.

मग भाव सुरू झाला. मालन सरसावून बसली. गिअर ताठ आहे, डावा दिवा पिवळा पडलाय, रंग एका बाजूला वेगळा दिसतो. फकिरा प्रत्येक गोष्टीला "हाय" म्हणत होता. "गिअर ताठ हाय. दिवा पिवळा हाय. ते समदं धरूनच भाव सांगितला."

"काहीतरी कमी करा."

"नाय होनार, बाई."

"नाशिकला अशीच गाडी स्वस्तात मिळत होती."

"मंग घेतली का नाय?"

तिच्याकडे बघण्याची त्याची पद्धत साधी होती, खरंच विचारत असल्यासारखी. तिनं तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. "नाही आवडली," ती म्हणाली.

"म्हंजे ही आवडली," फकिरा म्हणाला, आणि आता तोही हसला. "असं करा. भाव नाय मोडत मी, पन टपावरचं कॅरिअर फुकट देतो. आन गिअर आत्ता, तुमच्यासमोर मोकळा करून देतो."

"आणि दिवा."

"बरं, दिवा. लय चिवट हायत बाई तुमी." त्यानं पावती लिहायला पँटच्या खिशातलं पेन काढलं, तिच्याकडे बघून विचारलं, "नाव सांगा. पूर्न."

"मालन कोंडाजी..." ती म्हणाली आणि थांबली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. जीभ कशी मागे गेली तिचं तिलाच कळेना. मग तिनं नीट सांगितलं, "मालन सावळीराम पगारे."

गिअर मोकळा होईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. नाशिकला परतायला ते चांदवडच्या रस्त्यानं निघाले. सावळीराम म्हणाला, "म्हणजे स्वस्त गाडी सोडून आपण महाग घेतली."

"हो."

"आणि त्याच्यासाठी मनमाडला आलो."

"हो."

"बरं झालं," सावळीराम म्हणाला आणि त्यानं आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. त्याचे विरळ केस उडायला लागले. त्यानं न विचारता एकदा हात लांब करून हॉर्न वाजवला.

चांदवड मागे टाकून हायवेला लागल्यावर एका फाट्यावर एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध हात करून उभी राहिली. मालननं ब्रेक दाबला. म्हातारीच्या पायाशी कांद्याचं गाठोडं. ती खिडकीपाशी आली, वाकली, आणि सावळीरामला ओलांडून थेट मालनशी बोलली.

"पिंपळगावला किती घेशील?"

सावळीराम सांगायला लागला की ही टॅक्सी नाही, आजी. मालननं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाच," ती म्हणाली.

"पाच? यष्टी दोन घेती."

"मग एसटीनं या."

"यष्टी भरून गेली माय. आडीच दील."

"तीन आणि भाजीपुरते कांदे."

म्हातारीनं गाठोड्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "कांदे चार. मोठाले मागायचे नाय."

"बसा."

गाठोडं मागे गेलं आणि म्हातारी पुढेच चढली. पुढच्या सलग सीटवर सावळीराम मध्ये सरकला, गुडघे जवळ घेऊन, दोघींच्या मध्ये कोंबल्यासारखा, आणि त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिचं नाव लंकाबाई. वडाळीभोईची लेक, पिंपळगावात दिलेली. सुनेबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली, कांद्याला यंदा करपा कसा पडला ते बोलली. मालन गाडी चालवते याबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही. चालवणारीनं चालवायची, बसणारीनं बसायचं. फक्त एका वळणाला म्हणाली, "हळू घे गं, पोटात ढवळतंय," आणि मालननं वेग कमी केला. तिला वाटलं, इतकं सरळ आपल्याला आजवर कुणीच रागावलं नसेल.

पिंपळगावच्या नाक्यावर लंकाबाई उतरली. कनवटीचे तीन रुपये काढून तिनं मालनच्या हातात दिले, चार कांदे सावळीरामच्या मांडीवर ठेवले, त्यातला एक परत घेऊन त्याहून बारका ठेवला. मग डोक्यावर गाठोडं घेता घेता तिनं विचारलं,

"उंद्या कुठली फेरी तुझी?"

मालननं समोरच्या रस्त्याकडे बघितलं. उद्या रविवार. उद्या शाळा नाही, ऑफिस नाही, जीप नाही. उन्हं रस्त्याच्या कडेनं पसरली होती आणि नाक्यावरून चारी बाजूंना रस्ते गेले होते.

"सटाणा," ती म्हणाली.

"मंग मला चालत नाय," लंकाबाई म्हणाली आणि रस्ता ओलांडून निघून गेली.

सावळीरामनं कांदे रुमालात बांधले. "सटाण्याला काय आहे आपलं?"

"काही नाही," मालननं क्लच सोडला. "मी कधी पाहिलंच नाही."